अर्धं तिकीट

पौषात पहाटे खोबरेल गोठलेलं असतं.
बाटली चुलीपाशी आडवी ठेवत वैदेही सांगते,
तेल विरघळेपर्यंत त्यांना उठवू नका.
नाही उठवत.
पण बायचा एक पाय गोधडीबाहेर असतो,
धुतलेल्या शिंपीसारखा गार,
आणि माझा हात तिकडे जातोच.

शाळेच्या दाखल्यावर ती निहारिका.
घरात, धक्क्यावर, वाण्याच्या वहीत : बाय.
केतकी मात्र पहिल्यापासून पुरी केतकी.
तिचं नाव कुणी मोडून घेतलं नाही.

मी फेरीबोटीवर तिकिटं फाडतो.
मोटारसायकल, रिक्षा, आंब्याचा टेम्पो, माणूस.
तीन वर्षांखाली फुकट, बारापर्यंत अर्धं, गुलाबी.
स्टाफच्या पोरींना कोण विचारतंय,
पण केतकीने एकदा हात पुढे केला
आणि बायने ते पाहिलं.
तेव्हापासून दोन गुलाबी रोज,
पैसे माझ्या खिशातून माझ्याच गल्ल्यात.
बाय तिकीट मुठीत धरून कठड्याशी उभी राहते
खाडी विकत घेतल्यासारखी.

फाल्गुनात दोघींच्या ओठांना काजूचा चीक.
वैदेहीची बोटं तर बारा महिने काळी, फॅक्टरीतली,
त्याच बोटांनी ती ओठांना लोणी लावते,
ओरडते,
परत लावते.

मे महिन्यात विहिरीचा तळ दिसला.
तळाशी स्टीलची वाटी,
गेल्या वर्षी जिच्यापायी केतकीने मार खाल्ला ती.
"बघ," ती म्हणाली, "मी हरवली नव्हती."
मी वाकून बराच वेळ पाहत राहिलो.
काय बोलणार.

तीन नंबरचा बावटा लागला की बोट बंद.
मी घरात, चौघं घरात, दोरीवर
आठ दिवसांचे कपडे घरात.
तव्यावर वाळत टाकलेला मोजा एका अंगाने करपला.
बाईंनी विचारलं, कसला गं हा वास?
बाय म्हणाली, भाकरीचा.

गौरीला तेरडा आणायला दोघींना पाठवलं.
भांडून आल्या. दोन वाटांनी,
अर्धा अर्धा तेरडा घेऊन.

भातकापणीच्या दिवसांत बायला ताप चढला.
रात्री दोन वाजता. डॉक्टर पलीकडे.
सारंग दाऊद होडेकर लुंगीवरच आला,
एवढी मोठी बोट त्याने
एवढ्याशा पोरीसाठी सुरू केली.
डेकवर एकही गाडी नाही. भरतीचं काळं पाणी,
वैदेहीच्या मांडीवर ती, आणि मधेच
डोळे न उघडता
तिने हात पुढे केला.
पुस्तक केबिनमध्ये कुलपात.
मी खिशातल्या लाइटबिलाचा कोपरा फाडला
आणि तिच्या तळव्यात ठेवला.
तिने मूठ मिटली.
दाऊदने तोंड फिरवून
उगाच दोनदा भोंगा वाजवला.

तिसऱ्या दिवशी बाय उठून बसली आणि म्हणाली,
हे गुलाबी नाहीये.

मग पुन्हा थंडी, पुन्हा चुलीपाशी बाटली.
केतकी परवा बारा पुरी झाली.
सकाळी गर्दीत माझ्यासमोर येऊन म्हणाली,
"बाबा, फुल्ल."
मी पिवळं फाडलं.
तिने ते कंपासपेटीत टाकलं, वर न बघता,
आणि वरच्या बाकावर मैत्रिणींत जाऊन बसली.
खाडीकडे पाठ करून.
बाय माझ्या गुडघ्याशी उभी,
पिवळं पुस्तक आणि गुलाबी पुस्तक
आळीपाळीने बघत.

संध्याकाळी हिशोबाला बसलो तर
एक अर्धं जास्त फाडलेलं निघालं.
गल्ल्याच्या कोपऱ्यात होतं, घडीसुद्धा न पडलेलं.
कुणासाठी फाडलं ते ठाऊक होतं.
पैसे भरले, सही केली,
शेवटच्या फेरीचा दोर सोडला.